वाटेत गळालेली अक्षरं

१९९८ साली मी बी.ए. होऊन दोन वर्षं झाली होती आणि नोकरी नव्हती. जळगावात संगणकाच्या पदविकेचा संध्याकाळचा वर्ग लावला. चपला बाहेर काढून आत जायचं. खोली वातानुकूलित, पण ती यंत्रांसाठी. जळगावच्या मे महिन्यात तेवढ्यासाठीही बरेच जण वेळेवर यायचे!

फॉक्सप्रो, 'सी' वगैरे शिकलो. त्यातलं आता फारसं आठवत नाही. आठवतं ते इंटरनेट. मुंबई-दिल्लीत ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी लोकांसाठी खुलं झालं होतं. आमच्या वर्गात यायला आणखी चार वर्षं लागली. मोडेम किंचाळायचा, आणि शेजारच्या खोलीत कुणी फोन उचलला की सगळं तुटायचं.

मी अम्मीवरची कविता टंकली आणि धुळ्याच्या मित्राला ई-मेलनं पाठवली. एसटीला पारोळ्यावरून तीनेक तास लागायचे, कविता मिनिटभरात पोचली. लगेच त्याचा फोन. ''अरे, हे काय पाठवलंस? इंग्रजीत शिव्या दिल्यासारखं दिसतंय.''

सरांनी फळ्यावर समजावून सांगितलं. संगणकाच्या लेखी अक्षर म्हणजे आकडा. इंग्रजी 'ए' म्हणजे ६५. फॉन्टवाल्यांनी त्याच आकड्यांवर आपल्या अक्षरांची चित्रं बसवली होती. पडद्यावर मराठी दिसे, पोटात मात्र इंग्रजीच. समोरच्याकडे तोच फॉन्ट नसला की सोंग उघडं पडायचं. शिवाय १२७ च्या पुढचे आकडे जुन्या मेलमध्ये धड पोचतीलच असं नव्हतं.

त्या दिवशीच शहाणं व्हायला हवं होतं. पण सगळ्या कविता फ्लॉपीवर उतरवून मी वह्या रद्दीत घातल्या. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. सोपानदेवांनी त्यांची गाणी उतरवून ठेवली, म्हणून ती १९५२ साली छापून आली. मी तर बी.ए. झालेला माणूस! फ्लॉप्यांना बुरशी लागली. २००३ साली अम्मी गेली, तेव्हा तिच्यावरची ती कविता माझ्याकडे नव्हती.

पुढे युनिकोड रुळलं. आज 'क' म्हणजे २३२५, धुळ्यात तोच आणि दुबईतही तोच. पण जे आधीच गेलं होतं, त्याला त्याचा काय उपयोग?

दोन वर्षांपूर्वी मित्रानं जुनी फाइल आवरताना एक पिवळा कागद काढला. तेव्हा गंमत म्हणून त्यानं माझी ती मेल छापून ठेवली होती. मी वही घेऊन बसलो. सर्वांत जास्त वेळा आलेलं चिन्ह म्हणजे काना, असं धरलं. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकायची, हे बोटांना आठवत होतं. दोन रविवारांत बहुतेक ओळी उलगडल्या.

एका शब्दाच्या जागी दर वेळी प्रश्नचिन्ह होतं. तो मात्र लगेच कळला. अम्मीचं माहेर शिंदखेड्याकडचं, बोलणं अहिराणी वळणाचं. ती मला 'पोऱ्या' म्हणायची, आणि त्यातला तो 'ऱ्या'च गळाला होता.

नवव्या ओळीत ती चुलीपाशी बसून काहीतरी म्हणते. तिथल्या तीन अक्षरांतलं मधलं गेलं आहे. धुळ्याला खालाला फोन केला. तिनं दोन शब्द सुचवले. दोन्ही बसतात. ती जागा मी अजून रिकामीच ठेवली आहे.