लिनक्सच्या परीक्षा : तयारी कशी करावी, साधने कोठून मिळवावीत
(विद्यार्थी मार्गदर्शन शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय थोडा तांत्रिक आहे, पण पालकांनी कृपया उठून जाऊ नये. कारण या विषयात विद्यार्थ्याचे डोके जितके लागते, तितकाच पालकांचा खिसा लागतो. 'लिनक्सचा कोर्स करा, हमखास पास व्हा' अशी पाटी दिसली की आई-वडील पतपेढीतून कर्ज काढतात, प्रसंगी आईच्या गळ्यातले गहाण पडते. म्हणून एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. या परीक्षांना लागणारे जवळजवळ सर्व अभ्याससाहित्य फुकट मिळते. पैसा लागतो तो परीक्षेच्या फीला, आणि तीही तयारी पूर्ण झाल्यावरच भरायची असते.

लिनक्स म्हणजे संगणक चालविणारी प्रणाली. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहिला आणि पुढच्याच वर्षी तो कोणालाही पाहण्यास, बदलण्यास व वाटण्यास खुला केला. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशी तोच गाभा आहे. जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीत नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सखेरीज दुसरी प्रणालीच नाही. हे सारे संगणक सांभाळायला माणसे लागतात. माणूस नेमताना कंपनी विचारते, तुला हे येते याला पुरावा काय? तो पुरावा म्हणजे हे प्रमाणपत्र. नोकरीची हमी मात्र ते देत नाही. मुलाखतीचे दार किलकिले होते, आत आपले आपणच जायचे.

परीक्षा अनेक आहेत. सर्वांचा पाढा वाचत नाही. नवख्याने दोन ओळखाव्यात.

पहिली लिनक्स प्रोफेशनल इन्स्टिट्यूटची, जिला एलपीआयसी-१ म्हणतात. ही संस्था १९९९ साली स्थापन झाली. या प्रमाणपत्रासाठी १०१ आणि १०२ अशा दोन परीक्षा द्याव्या लागतात. प्रत्येकीत ६० प्रश्न, वेळ ९० मिनिटे. गुण २०० ते ८०० या मापात मिळतात आणि ५०० ला उत्तीर्ण. प्रमाणपत्र पाच वर्षे ग्राह्य राहते. दहावी-बारावीच्या गुणांची अट नाही, अमुक वर्गात शिकल्याचा दाखलाही कोणी मागत नाही. ज्याच्या घरात आजवर कोणी संगणकाला हात लावला नाही, अशा मुलाला यासारखी दुसरी सोय नाही.

आता कळीची गोष्ट. या संस्थेने आपला अभ्यासक्रम उघड मांडलेला आहे आणि त्यात प्रत्येक घटकाला वजन दिलेले आहे. जितके वजन, साधारण तितके प्रश्न. १०१ व्या परीक्षेत सध्याच्या आवृत्तीप्रमाणे यंत्राची रचना ८, लिनक्स बसविणे व पॅकेजे सांभाळणे १२, कमांड २६, आणि डिस्क व फाइलप्रणाली १४, अशी ६० ची वाटणी आहे. म्हणजे जवळजवळ निम्मा पेपर कमांडचा! तरीसुद्धा आमची मुले महिनाभर इतिहास आणि यंत्राचे भाग पाठ करीत बसतात, कारण पुस्तकात तो धडा पहिला असतो. तो अभ्यासक्रम छापून घ्या, भिंतीला लावा आणि जे हाताने करून झाले त्यावर रेघ मारा. वाचून झाले म्हणून रेघ मारू नका.

हाताने करणे म्हणजे काय, ते सांगतो. एका फाइलवर सीएचमॉड ६४० ही कमांड चालविली तर काय होईल? वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालविण्याचे १. सहा म्हणजे मालकाला वाचता-लिहिता येईल, चार म्हणजे गटाला नुसते वाचता येईल, शून्य म्हणजे इतरांना काहीच नाही. हे पाठ केले तर दोन दिवस टिकते. पण एन्टर दाबण्यापूर्वी वहीत उत्तर लिहायचे, मग एन्टर दाबायचे आणि 'एलएस -एल' ने ताडून पाहायचे, असे वीस वेळा केले की जन्मभर विसरत नाही. पुढे प्रश्न येतो, युमास्क ०२७ असताना नवीन फाइलला कोणत्या परवानग्या मिळतील? पाठांतरवाला येथे अडतो. ज्याने केले आहे तो ६६६ मधून वजावट करून ६४० सांगतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो.

दुसरी परीक्षा रेड हॅट कंपनीची, आरएचसीएसए. तिची तऱ्हाच वेगळी. पर्याय नाहीत, रिकाम्या जागा नाहीत. तीन तास एका यंत्रासमोर बसवितात आणि कामे देतात : वापरकर्ता तयार कर, डिस्कचा भाग पाडून जोड, सेवा चालू कर. ३०० पैकी २१० गुण हवेत. केलेली प्रत्येक गोष्ट यंत्र बंद करून पुन्हा चालू केल्यावरही टिकली पाहिजे, हा नियम आहे. एफएसटॅब या फाइलमध्ये एक अक्षर चुकले आणि यंत्र पुन्हा उठलेच नाही, तर बाकीचे बरोबर केलेले कामही हातचे जाते. म्हणून सरावात दर कामानंतर यंत्र पुन्हा सुरू करण्याची सवय लावा. परीक्षेत इंटरनेट नसते, पण यंत्रातील 'मॅन' पाने वाचण्याची मुभा असते. ती पाने झटपट शोधता येणे हीच अर्धी तयारी होय. माझ्या मते प्रथम पहिली परीक्षा द्यावी व नंतर हिच्याकडे वळावे. हिची फी मोठी आहे आणि प्रमाणपत्र तीन वर्षांपुरतेच.

साधने कोठे आहेत? एलपीआयने स्वतःच आपल्या संकेतस्थळावर धडे फुकट ठेवले आहेत, सरावाच्या प्रश्नांसह. विल्यम शॉट्स यांचे 'द लिनक्स कमांड लाइन' हे पुस्तक लेखकाने फुकट उतरवून घेण्यास दिले आहे. त्याची इंग्रजी सोपी आहे. इंग्रजीची धास्ती असेल त्यांनी पवईच्या आय.आय.टी. मुंबईचा स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्प पाहावा. त्यात लिनक्सचे छोटे छोटे पाठ मराठीतून ऐकायला मिळतात. काही पाठांतील उबंटू जुने आहे, पण फाइल नकलण्याची कमांड तेव्हाही सीपी होती आणि आजही सीपीच आहे. मात्र परीक्षा मराठीत होत नाही. म्हणून समजून घ्या मराठीत, सराव करा इंग्रजीत.

यंत्राचे काय? घरात जुना, मंदावलेला संगणक असेल तर त्यावर डेबियन बसवा. चांगला संगणक असेल तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये संगणकातच दुसरा संगणक उभा करा, बिघडला तर पुसून टाका. रेड हॅटच्या सरावासाठी अल्मालिनक्स किंवा रॉकी लिनक्स चालते. दोन्ही फुकट आहेत. नुसता फोन असेल त्याने टर्मक्स घ्यावे. डिस्क आणि यंत्र सुरू होण्याचे धडे त्यावर जमणार नाहीत, पण निम्म्या पेपरच्या कमांड बहुतेक जमतील. सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे, कार्यालयातील जुने संगणक भंगारात न देता वाचनालयाच्या खोलीत मांडावेत. दोन पुरेत.

खासगी वर्ग सगळेच वाईट नाहीत. प्रवेश घेण्यापूर्वी पालकांनी एकच प्रश्न विचारावा, माझा मुलगा किंवा मुलगी आठवड्यातून किती तास एकट्याने यंत्रावर बसेल? उत्तर गुळमुळीत आले तर निघून यावे. आणि चोरून बाहेर आलेले प्रश्न विकणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका. तो परीक्षेच्या कराराचा भंग ठरतो, उघडकीस आल्यास प्रमाणपत्र रद्द होऊ शकते. न झाले तरी मुलाखतीत साहेब यंत्र पुढे सरकवून म्हणतात, करून दाखव.

नोंदणी करताना नावाकडे लक्ष द्या. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी, ओळखपत्रावर शेवटी, वडिलांचे नाव एके ठिकाणी आहे तर दुसरीकडे नाही, आणि स्पेलिंग तर प्रत्येक कागदावर निराळे. परीक्षा केंद्रावर ओळखपत्रावरील नाव आणि नोंदणीतील नाव जुळले नाही तर आत सोडत नाहीत, आणि भरलेली फी बुडण्याची वेळ येते. कोणते ओळखपत्र चालते ते नोंदणीच्या वेळीच वाचून घ्या. कागदात दुरुस्ती करायची असेल तर ती आजच सुरू करा, अभ्यास होईतो ती होऊन येईल.