मुक्या सोबत्याचा निरोप

प्राचीन इजिप्तमध्यें ज्या घरीं मांजर आपल्या मरणानें मरे, त्या घरचीं माणसें भिंवया उतरवीत, असें इ. स. पूर्व ५ व्या शतकांतील ग्रीक इतिहासकार हिरोडोटस यानें लिहून ठेवलें आहे. आपल्याकडे असा विधि नाहीं. दुःख मात्र तेंच आहे.

१५-१६ वर्षें उंबरठ्यावर बसणारी मनी एकाएकीं वारंवार पाणी पिऊं लागते, अन्न टाकते, अंगानें वाळते. वृद्ध मांजरांत मूत्रपिंडाचा विकार पुष्कळदां आढळतो, आणि झालेली झीज भरून येत नाहीं. पथ्यानें, औषधानें, कातडीखालीं सलाईन देऊन कांहीं दिवस सुखाचे करतां येतात. पुढें मात्र प्रश्न उभा राहतो : आतां हें लांबविणें तिच्यासाठीं, कीं घरच्यांसाठीं?

मांजर आपली वेदना लपवितें; म्हणून ‘कण्हूं लागली म्हणजे पाहूं,’ असें म्हणूं नये. मनी अंग चाटीनाशी झाली, कोपऱ्यांत दडून राहूं लागली, कीं ओळखावें. पशुवैद्य भुलीच्या औषधाची मोठी मात्रा देतात. गाढ झोप लागते, मग श्वास आणि हृदय थांबतें. त्या वेळीं घरच्यांनीं दाराबाहेर उभें राहूं नये. ज्या मांडीवर ती जन्मभर निजली, तिथेंच तिला ही झोप लागावी. भिंवया उतरविण्यापेक्षां हा निरोप कठीण खरा. पण तो तिच्या उपयोगीं पडतो.