डिझेलचा हिशेब

अर्थशास्त्र शिकवणारा माणूस जुन्या मोटारींच्या बाजारात कशाला शिरला, असे तुमच्यापैकी काहींच्या मनात येईल. शिरलो खरा, पण हौसेने नव्हे, घरच्या गरजेने.

मी मोहोपाड्यास राहतो. खालापूर तालुक्यातले हे गाव रसायनीच्या कारखान्यांना लागून आहे. माझ्या आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी पनवेलला न्यावे लागते. पहाटे साडेपाचला निघायचे, दांड फाट्यावर जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला लागायचे आणि सातच्या आत तिला यंत्राशेजारच्या खाटेवर पोचवायचे. त्या दोन दिवशी गाडी बंद पडून चालत नाही. गाडी आहे २०१५ सालची, पेट्रोलची. लिटरला पंधरा किलोमीटर देते. पूर्वी थोडे अधिक देत असे. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी, तेव्हा जुन्या गाडीचे मायलेज थोडे घटले तर नवल नाही.

अशा वेळी पुण्याहून मेहुण्यांचा फोन आला. त्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ २०१७ सालची डिझेल गाडी विकत होते. किंमत पावणेपाच लाख. माझ्या गाडीचे दोन लाख साठ हजार येतील, म्हणजे वरून घालायचे दोन लाख पंधरा हजार. "भावजी, लिटरला वीस देते. दोन-तीन वर्षांत पैसे वसूल!" मेहुणे म्हणाले. दोन लाख पंधरा हजार माझ्याकडे होते. मुलीच्या पुढल्या शिक्षणासाठी बँकेत ठेवलेले. तेव्हा निर्णय काही खेळाचा नव्हता.

हिशेबाकडे वळण्याआधी डिझेलविषयी दोन शब्द. तुमच्यातल्या शेतकऱ्यांना हे इंजिन नवे नाही. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली पुण्यास निघाली, आणि वीज पोचण्याआधी कितीतरी विहिरींवर डिझेल इंजिनांचीच धडधड ऐकू येई. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडावी लागते. डिझेलच्या इंजिनात ठिणगीच नाही. नुसती हवा आत घेऊन ती पंधरा-सोळा पटींनी किंवा त्याहूनही अधिक दाबतात. सायकलचा पंप मारताना नळी तापते ना, तशी ती हवा तापते, पण इतकी की तीत डिझेलचा फवारा सोडताच तो आपोआप पेटतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ मध्ये हे इंजिन यशस्वी करून दाखवले. जास्त दाबामुळे इंधनातून काम अधिक निघते, आणि लिटरमागे डिझेलमध्ये ऊर्जाही पेट्रोलपेक्षा दहा टक्क्यांहून थोडी अधिकच असते. म्हणून मायलेज जास्त. पण एवढा दाब सोसायचा तर सारे भाग जाड, भारी आणि महाग करावे लागतात. दुरुस्तीचे बिलही मग त्याच मापाचे येते.

आता "डिझेल म्हणजे स्वस्त" ही समजूत आपल्या डोक्यात बसली कशी? ती खोटी नव्हती. ट्रक, एस.टी. आणि शेतीचे पंप चालावेत म्हणून सरकार डिझेलचा भाव मुद्दाम खाली ठेवीत असे. जून २०१० मध्ये पेट्रोलचे भाव मोकळे झाले, डिझेलचे मात्र बांधलेलेच राहिले. २०१२ साली दोहोंतले अंतर लिटरला तीस रुपयांच्या घरात गेले होते. शेतकऱ्याच्या नावाने ठेवलेला हा स्वस्त भाव मोटारवाल्यांच्या टाकीत जाऊ लागला, आणि त्या सुमारास नव्या मोटारींपैकी निम्म्याच्या आसपास डिझेलच्या विकल्या जात. पुण्यात तयार होणारी इंडिका तर त्याआधीच, डिसेंबर १९९८ पासून, गावोगाव पोचू लागली होती. मग जानेवारी २०१३ पासून डिझेलचा भाव दरमहा थोडा थोडा चढवीत नेला, आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये तोही मोकळा झाला. २०२५ साली मुंबईत पेट्रोल सुमारे १०३ रुपये आणि डिझेल सुमारे ९० रुपये होते. अंतर उरले तेरा रुपयांचे. आमच्या मेहुण्यांचा हिशेब २०१२ सालचा होता. फक्त त्यांना ते ठाऊक नव्हते. आणि खरे सांगायचे तर मलाही पहिल्या दिवशी ते सुचले नाही.

मी एक वही केली. महिनाभर गाडी जेव्हा जेव्हा बाहेर निघाली, तेव्हा कोठे गेली आणि किती किलोमीटर धावली, ते लिहून ठेवले. हा उद्योग क्षुल्लक वाटेल, पण गाडी बदलू पाहणाऱ्या प्रत्येकाने तो करावा असे मला वाटते. कारण आपण किती फिरतो याविषयी माणसाचा अंदाज हटकून चुकतो. माझा अंदाज वर्षाला पंधरा हजार किलोमीटरचा होता. वहीतून निघाले नऊ हजार. महाविद्यालयात मी बहुतेक दुचाकीने जातो, हे मी मोजलेच नव्हते!

आता नऊ हजारांवर आकडे मांडू. पेट्रोलवर किलोमीटरला सहा रुपये सत्त्याऐंशी पैसे पडतात, डिझेलवर साडेचार रुपये. बचत दोन रुपये सदतीस पैसे. वर्षाचे झाले २१,३३० रुपये. इथपर्यंत बरे दिसते. पण बँकेतले दोन लाख पंधरा हजार काढले, तर सात टक्क्यांनी त्यांचे वर्षाचे १५,०५० रुपये व्याज बुडते. हे व्याज पंपावरच्या पावतीत दिसत नाही, म्हणून कोणी धरीत नाही. ते वजा जाता उरले ६,२८०. जुन्या डिझेलची देखभाल वर्षाला चार हजारांनी जास्त धरली, आणि महाग गाडीचा विमा तीन हजारांनी जास्त, तर बचत संपून पदरचेच सातशे-साडेसातशे गेले. शिवाय एखादा इंजेक्टर किंवा टर्बो गेला की हजारांत नव्हे, दहा-दहा हजारांत बोलणे सुरू होते. दोन वर्षांनी तरुण गाडी मिळत होती हे कबूल. पण माझी धावली होती अठ्ठ्याऐंशी हजार आणि ती एक लाख वीस हजार. वयाने लहान, श्रमाने थोरली.

वहीतून आणखी एक गोष्ट बाहेर आली. महिन्यातल्या शेहेचाळीस फेऱ्यांपैकी एकोणतीस पाच किलोमीटरांच्या आतल्या होत्या. बाजार, औषधाचे दुकान, मुलीची शिकवणी, रसायनी स्टेशन. मी वही घेऊन गावातल्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पान उलटून पाहिले आणि म्हणाले, "सर, पनवेलची फेरी डिझेलला चालेल. पण ह्या बाकीच्या फेऱ्यांत इंजिन गरम व्हायच्या आत तुम्ही चावी काढणार. काजळी साचते. डिझेलला दौड पाहिजे."

ते म्हणाले ते बरोबर आहे. थंड इंजिनात इंधन नीट जळत नाही आणि काजळी आतल्या नळ्या-झडपांवर बसते. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सहा डिझेल गाड्यांत तर धुराच्या वाटेवर काजळी अडवणारी गाळणीच असते. ती साफ होण्यासाठी आतली काजळी जाळावी लागते, आणि त्याला पाचशे-सहाशे अंशांची उष्णता व काही मिनिटे सलग धावणे लागते. गल्लीबोळात फिरणाऱ्या गाडीची गाळणी तुंबते. काही जण ती काढूनच टाकतात म्हणे. तसे करणे बेकायदा आहे, आणि ती काजळी मग आपल्याच अंगणात येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला कर्करोगकारक ठरवले आहे. आजारी माणूस शेजारी बसवून मी त्याकडे डोळेझाक कशी करू?

सीएनजीचे काय, असे एका विद्यार्थ्याने विचारले. प्रश्न रास्त होता. पण सिलिंडर बसवला तर आईची चाकांची खुर्ची डिकीत मावत नाही. विषय तिथेच संपला.

तर मी गाडी बदलली नाही. मेहुणे थोडे नाराज झाले. पण गोष्ट इथे संपत नाही, कारण तीच डिझेल गाडी आमच्या ओळखीच्या एका माध्यमिक शिक्षकांनी घेतली आणि मीच त्यांना ती घ्या म्हणून सांगितले. तुम्ही म्हणाल, हा काय न्याय? त्यांची शाळा लोणावळ्याकडे. रोज खालापूर, खोपोली करीत बोरघाट चढायचा आणि संध्याकाळी उतरायचा. वर्षाला बावीस हजार किलोमीटर. चढावर डिझेलची ओढ कामी येते आणि इंजिन रोज पुरते तापते. दुसरे म्हणजे, त्यांच्याकडे गाडी नव्हतीच. त्यांना कोणती तरी घ्यायची होती. तशीच, तेवढ्याच वयाची पेट्रोल गाडी सव्वाचार लाखांना मिळत होती. तेव्हा त्यांच्यापुढचा प्रश्न दोन लाख पंधरा हजारांचा नव्हता, पन्नास हजारांचा होता; आणि वर्षाची इंधनातली बचत बावन्न हजारांची. देखभाल जास्त धरली तरी सव्वा-दीड वर्षात जमाखर्च सुटतो. गाडी तीच, भाव तोच. पण चांगली गाडी विकून ती घेणे आणि गरज असताना ती घेणे, यांत एवढा फरक पडतो.

त्यांच्याबरोबर गाडी पाहायला मीही गेलो होतो. मिस्त्रींनी आम्हांला पढवून पाठवले होते. मालकाला आधी कळवायचे की गाडी चालू करून ठेवू नका. पोचताच बॉनेटवर हात ठेवायचा. गरम लागला तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जायचे, कारण डिझेलचे दुखणे थंड असतानाच कळते. चालू केल्यावर धूर पाहायचा. निळसर असेल तर इंजिन ऑइल जळते आहे. जोर दिल्यावर काळा लोट निघत राहिला तर फवाऱ्यात किंवा टर्बोत दोष. चालू इंजिनावर ऑइलचे झाकण सैल करून पाहायचे. भपकारे येत असतील तर नमस्कार करून परत फिरायचे. कागदांत आर.सी. पुस्तकावर बँकेचा बोजा नाही ना, हे आधी बघायचे. मालकाच्या सह्या फॉर्म २९ आणि ३० वर घेतल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत. आणि गाडी नावावर होताच चौदा दिवसांच्या आत विमाही आपल्या नावावर करण्याचा अर्ज द्यायचा. हे शेवटचे भलेभले विसरतात.

बॉनेट पहिल्या दिवशी गरम लागले. आम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, तेव्हा मालक जरा वरमले. पण गाडी चांगली निघाली.

माझ्या गाडीला मी चार नवे टायर आणि नवी बॅटरी घातली. मुलीचे पैसे बँकेतच आहेत. परवा पहाटे दांड फाट्यावर ती पांढरी डिझेल आमच्यासमोरून चौकच्या दिशेने गेली, आणि गुरुजींनी हॉर्न वाजवला. आईने विचारले, "हीच का ती, आपण न घेतलेली?" मी हो म्हटले. "आवाज फार करते," ती म्हणाली आणि डोळे मिटून बसली.