व्यवस्थापन : घराचे, दुकानाचे आणि कारखान्याचे

(संस्थेच्या वार्षिक विद्यार्थी-पालक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



'व्यवस्थापनशास्त्राची ओळख' हा विषय मला देण्यात आला आहे. विषय ऐकून मागच्या रांगेतील काही पालकांना वाटले असेल की, हे मोठ्या कंपन्यांतील साहेब लोकांचे काम; आपले काय, आपले एक छोटेसे दुकान किंवा एखादी रिक्षा. हा गैरसमज दूर व्हावा म्हणून मी पुस्तकापासून नव्हे, आमच्या घरापासून सुरुवात करतो.

तालुक्याच्या गावी माझे अब्बा आणि चाचा मिळून बेकरी चालवीत. दोघेही कष्टाळू आणि प्रामाणिक. दोघांनाही व्यसन म्हणून कसले नव्हते. पहाटे पाव भट्टीतून निघाला पाहिजे, कारण स्टँडजवळच्या हॉटेलांना तो उजाडण्यापूर्वी लागतो, असे अब्बांनी कारागिराला सांगून ठेवलेले असे. एका रात्री चाचांनी त्याच कारागिराला सांगितले की, लग्नाची नानकटाई आधी लाव. बिचाऱ्याने दोघांचेही मन राखण्यासाठी थोडे हे केले, थोडे ते केले. पाव उशिरा निघाला, नानकटाई करपली. सकाळी त्याला दोघांचीही बोलणी खावी लागली. असे वारंवार होऊ लागले. चांगला हात असलेला तो कारागीर अखेर सोडून गेला आणि हॉटेलवाल्यांनी दुसरी बेकरी धरली.

दुसरी गोष्ट गल्ल्याची. घरात कोणाला औषध हवे, कोणाला शाळेची फी हवी, तर हात गल्ल्यात जाई. वहीत मात्र त्याची नोंद नसे. महिनाअखेरीस मैद्याच्या व्यापाऱ्याचे बिल आले की पैसे कोठे गेले हे कोणालाच सांगता येत नसे. सहा-सात वर्षांत बेकरी बंद पडली. अब्बा शेवटपर्यंत म्हणत, 'नशिबातच नव्हते.'

मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. सरांनी फळ्यावर लिहिले, 'आदेशातील एकवाक्यता : एका माणसाला एकाच वरिष्ठाने हुकूम द्यावा.' ते वाचून मला एकदम आमची भट्टी दिसली. मित्रांनो, त्या दिवशी मला कळले की जे आम्ही नशीब समजत होतो, त्यातील बराचसा भाग व्यवस्थापनाचा अभाव होता.

हे तत्त्व मांडणारा हेन्री फेयॉल कोण, हे थोडक्यात सांगतो. त्याचा जन्म 1841 साली इस्तंबूल येथे झाला. फ्रान्समध्ये खाणकामाचे शिक्षण घेऊन 1860 साली, वयाच्या अवघ्या 19व्या वर्षी, तो कोमँत्री येथील कोळशाच्या खाणीत अभियंता म्हणून लागला. 1861 साली खाणीत काम करणाऱ्या एका घोड्याचा पाय मोडला. फेयॉलने दुसरा घोडा मागितला. तबेल्यावरील माणूस म्हणाला, 'चिठ्ठीवर संचालकांची सही नाही.' संचालक गावाला गेलेले आणि त्यांच्या जागी कोणाला नेमलेले नाही. फेयॉलने परोपरीने विनविले, पण घोडा मिळाला नाही आणि त्या थरावरचे काम बंद राहिले. येथे दोष कोणाचा? तबेल्यावरील माणूस तर हुकूमच पाळत होता. दोष रचनेचा होता. जबाबदारी एकाकडे आणि अधिकार दुसऱ्याकडे, तोही गैरहजर! फेयॉलने ही गोष्ट टिपून ठेवली.

पुढे 1888 साली कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर असताना सारा कारभार त्याच्या हाती आला. 1918 साली तो निवृत्त झाला तेव्हा कंपनी भक्कम पायावर उभी होती. याचे श्रेय त्याने स्वतःच्या हुशारीला दिले नाही, व्यवस्थापनाच्या पद्धतीला दिले; आणि पद्धत शिकता येते, शिकविता येते, असे आग्रहाने सांगितले. 1916 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात व्यवस्थापकाची पाच कामे आणि 14 तत्त्वे दिली आहेत.

ती पाच कामे अशी : नियोजन म्हणजे पुढचा विचार करून आखणी करणे, संघटन म्हणजे माणसे व साधने जमवून कामे नेमून देणे, आदेश देऊन काम सुरू करणे, समन्वय म्हणजे सर्वांच्या कामांचा मेळ घालणे, आणि नियंत्रण म्हणजे ठरल्याप्रमाणे झाले की नाही हे तपासून चूक दुरुस्त करणे. घरात लग्न निघाले की आपली वडीलधारी मंडळी हेच करतात. पाहुण्यांची यादी, तांदूळ-मटणाचा अंदाज, कोणाकडे मंडप, कोणाकडे वाढप, आणि शेवटी हिशेब. ज्या लग्नात पुलाव कमी पडतो तेथे या पाचांपैकी कोठेतरी चूक झालेली असते.

चौदाही तत्त्वे आज सांगत बसत नाही. ती तुमच्या क्रमिक पुस्तकात आहेत. परीक्षेसाठी ती पाठ कराल, पण मला चार तत्त्वांकडे तुमचे लक्ष वेधायचे आहे.

पहिले, अधिकार आणि जबाबदारी. ज्याच्यावर काम सोपवाल त्याला ते पार पाडण्यापुरता अधिकार द्या. पालकांनो, मुलाला दुकानात बसविता, पण पाच रुपये कमी करण्याचा निर्णयही त्याला घेऊ देत नाही आणि गिऱ्हाईक परत गेले की त्यालाच रागावता. मुलीला शिकविता, ती घरचा हिशेब तुमच्यापेक्षा नीट ठेवते, पण निर्णयाच्या वेळी तिला विचारीत नाही. हा तबेल्यावरचाच प्रकार झाला.

दुसरे, आदेशातील एकवाक्यता. त्याविषयी आमच्या भट्टीने पुरेसे सांगितले आहे. भागीदारी जरूर करा, पण कारागिरांना कोण सांगणार आणि गल्ला कोण पाहणार, हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहा. त्याने नाते तुटत नाही. उलट, न लिहिल्यामुळे अब्बा आणि चाचा शेवटची चार वर्षे एकमेकांशी बोलत नव्हते.

तिसरे, वैयक्तिक हितापेक्षा सामूहिक हित. गल्ला दुकानाचा असतो, घराचा नसतो. मालकाने स्वतःलाही दरमहा ठरावीक पगार घ्यावा, आणि जास्त लागलेच तर उचल म्हणून वहीत लिहावे.

चौथे, पदाधिकाऱ्यांची साखळी. हुकूम वरून खाली पायरीपायरीने यावा, हे खरे. परंतु दोन खात्यांतील बरोबरीच्या माणसांना तातडीचे काम पडले, तर त्यांनी वरपर्यंत चढून पुन्हा उतरत बसू नये. वरिष्ठांच्या संमतीने सरळ बोलावे. फेयॉलने याला फळीची उपमा दिली आहे. कोकणातल्या माणसाला मी म्हणेन, हा साकव आहे. समोरच्या वाडीत जायचे तर कोणी ओढ्याच्या उगमापर्यंत वळसा घालीत नाही.

फेयॉलच्याच काळात अमेरिकेत फ्रेडरिक टेलर याने खालच्या टोकापासून, म्हणजे प्रत्यक्ष कामापासून, विचार केला. पोलाद कारखान्यात माल उपसणाऱ्या मजुरांचे निरीक्षण करून त्याने दाखविले की, एका खोऱ्यात सुमारे 21 पौंड, म्हणजे साडेनऊ किलोच्या आसपास माल आला तर दिवसभराचे काम सर्वांत जास्त होते. म्हणून जड खनिजासाठी लहान आणि हलक्या राखेसाठी मोठे खोरे त्याने दिले. त्याचा ग्रंथ 1911 साली निघाला. माणसाला यंत्र समजल्याची टीकाही त्याच्यावर झाली आणि ती अगदीच खोटी नाही. पण काम करणाऱ्याला 'हातपाय हलव' म्हणण्यापूर्वी त्याच्या हातातले अवजार पाहावे, हा धडा घेण्यासारखा आहे.

विद्यार्थी मित्रांनो, एक इशाराही देतो. ही तत्त्वे म्हणजे गणिताची सूत्रे नव्हेत. फेयॉलनेच बजावले आहे की, ती लवचीक असून प्रसंग पाहून, प्रमाण राखून वापरावयाची असतात. ते प्रमाण पुस्तकातून येत नाही, अनुभवातून येते. म्हणून वर्गात शिकाल ते घरी तपासा. येत्या सुट्टीत आपल्या वडिलांच्या धंद्याचे, अगर आईच्या घरखर्चाचे, एक पान लिहा : काम कोणते, कोण करतो, कोण सांगतो, पैसे कोठून येतात, कोठे जातात. शहाणपणा शिकविण्याच्या सुरात नव्हे, तर शेजारी बसून, विचारून लिहा.

आणि पालकांनो, तो कागद घेऊन मूल तुमच्यापुढे आले, तर 'चार बुके शिकून मला शिकवितोस?' असे म्हणू नका. मी बी.कॉम. झालो तेव्हा बेकरी बंद पडून बरीच वर्षे झाली होती. फळ्यावरचे ते वाक्य मी अब्बांना कधी सांगितले नाही. सांगून उपयोगही नव्हता. तुमच्या भट्ट्या अजून पेटलेल्या आहेत. तुमच्या मुलांना वेळेवर बोलू द्या.