भुलीचे औषध आणि कारखान्यातील सावधगिरी

(वार्षिक समारंभात दिलेले व्याख्यान)



दात काढण्यापूर्वी डॉक्टर हिरडीत सुई देतात आणि थोड्याच वेळात ती जागा बधिर होते. हे औषध बहुधा लिग्नोकेन असते. १९४३ साली स्वीडनमध्ये निल्स लॉफग्रेन यांनी ते तयार केले आणि त्यांचे तरुण सहकारी बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी त्याचा प्रयोग स्वतःच्याच शरीरावर करून पाहिला. त्यांच्या जिज्ञासेचे कौतुक जरूर करावे, अनुकरण मात्र करू नये.

आज हा विषय निवडण्याचे कारण असे की, आपल्या शहराच्या वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा औद्योगिक वसाहतींत औषधांचे कारखाने आहेत. रसायनशास्त्र वा औषधनिर्माणशास्त्र शिकणारी आपली मुले-मुली उद्या अशाच ठिकाणी नोकरीस जाणार आहेत. औषध रोग्याची वेदना दूर करते. परंतु ते ज्या द्रव्यांपासून बनते ती तितकी दयाळू नसतात.

लिग्नोकेनचेच पाहा. त्याच्या कच्च्या मालातील झायलिडिन कातडीतूनही शरीरात शिरते व रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी करते. ओठ व नखे निळसर पडतात. कधी कधी हा त्रास काही तासांनी, माणूस घरी पोहोचल्यावर जाणवतो. दुसरे द्रव्य क्लोरोअॅसिटिल क्लोराइड. ते डोळे व कातडी जाळते आणि पाण्याशी गाठ पडताच त्यातून आम्लाचा घातक वायू निघतो. तिसरे डायएथिल अमाइन. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीनेही पेट घेते.

सांडले की पाणी ओतावे, ही आपली घरची सवय. कारखान्यात ती जिवावर बेतू शकते. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये मिथाइल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरले आणि हजारो माणसे प्राणांस मुकली. त्या टाकीची शीतयंत्रणा आधीपासूनच बंद होती. म्हणून अशा पिंपाजवळ पाणी नेऊ नये. अंगावर वा डोळ्यांत थेंब उडाला तर मात्र भरपूर वाहत्या पाण्याने बराच वेळ धुवावे आणि ताबडतोब डॉक्टर गाठावा.

विद्यार्थी मित्रांनो, आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवा. तोंडाला बांधलेला रुमाल वाफ अडवीत नाही. प्रत्येक हातमोजा प्रत्येक रसायनास पुरा पडत नाही. ज्वालाग्राही द्रव ओतताना पिंपास अर्थिंग जोडलेले आहे ना, हे पाहावे. रिकाम्या टाकीत हवा तपासल्याशिवाय उतरू नये. आत सोबती बेशुद्ध पडला तरी तसेच धावून जाऊ नये, कारण अशाने वाचविणाराही दगावतो. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत.

आणि पहिल्याच दिवशी बाहेर पडण्याचा दुसरा रस्ता शोधून ठेवा. ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूजमधील हातमोज्यांच्या एका कारखान्यास आग लागली व आत झोपलेले सहा कामगार मरण पावले. तेथे औषधांची रसायने नव्हती, तरीही हे घडले.

भोपाळनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोकादायक कामाची माहिती कामगारास देणे मालकावर बंधनकारक झाले. तेव्हा "या पिंपात काय आहे? अंगावर उडाले तर काय करायचे?" असे विचारणे हा उद्धटपणा नव्हे.

पालकांना माझी एकच विनंती आहे. नोकरी टिकावी म्हणून "गप्प बस, साहेब सांगतील ते कर" असे मुलांना शिकवू नका. महिन्याचा पगार घरी आला पाहिजे हे खरे. पण त्याआधी रोज संध्याकाळी मूल धडधाकट घरी आले पाहिजे.