बंदिवानांची सुटका
(ज्युबिली महोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



ज्युबिली म्हणजे मूळचें मुक्तीचें वर्ष. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणें दर 50 व्या वर्षीं शिंग फुंकून दास मोकळे करीत. म्हणून आजच्या आनंदांत आम्ही एक प्रश्न आपणांपुढें ठेवितों: आपल्यांत अद्यापि बंदिवान कोण आहे? आमच्या मतें, एच. आय. व्ही.ची बाधा झालेला मनुष्य असा बंदिवान होय. आणि त्याचे पहारेकरी पुष्कळदां आपणच असतों.

गोमंतकांतील पर्रा गांवचे डॉमिनिक डिसोझा नेमानें रक्तदान करीत असत. त्यांच्या रक्तांत हा विषाणु आढळला, तेव्हां 1989 सालीं पोलिसांनीं त्यांस धरून म्हापशाच्या जुन्या क्षयरुग्णालयांत 64 दिवस कोंडून ठेविलें. त्यांच्या मातोश्री लूसी डिसोझा यांनीं उच्च न्यायालयांत दाद मागितली. परंतु तो कायदा न्यायालयानें वैधच ठरविला. डॉमिनिक सुटून आले, ते कडवटपणा घेऊन बसले नाहींत. इतर बाधितांसाठीं त्यांनीं ‘पॉझिटिव्ह पीपल’ या संस्थेचा पाया घातला, व 1992 सालीं देह ठेविला.

आज काळ पालटला आहे. 2004 च्या एप्रिलपासून सरकार या रोगावरील औषध विनामूल्य देत आहे. 10 सप्टेंबर 2018 पासून अंमलांत आलेल्या कायद्यानें बाधितांशीं भेदभाव करण्यास मनाई केली आहे. परंतु स्वतःच्याच घरांत ज्यास गोळ्यांची डबी लपवावी लागते, त्यास कायद्याचा काय उपयोग?

हा रोग परक्यांचा, असें ओवेकरांनीं म्हणूं नये. कळंबोलीच्या लोखंड बाजारांत दूरदूरचे ट्रकचालक येतात. आपलींहि मुलें पोटासाठीं घर सोडून राहतात. असुरक्षित शरीरसंबंध, बाधित रक्त व सुई, आणि मातेपासून बालक, या वाटांनीं विषाणु पसरतो. शांतिचिन्हाच्या हस्तांदोलनानें किंवा एका पंक्तींत जेवल्यानें तो पसरत नाहीं. विवाहांतील परस्पर निष्ठा हें आपलें कर्तव्य आहेच. परंतु निष्ठावंत पत्नीसहि पतीकडून बाधा होते, हें विसरूं नये. औषधाविना 100 पैकीं 15 ते 45 बालकांस मातेपासून बाधा होऊं शकते; वेळीं औषध घेतल्यास 5 हूनहि कमी. नित्य औषधानें ज्याच्या रक्तांतील विषाणु चाचणींत दिसेनासा होतो व तसाच राहतो, त्याच्यापासून शरीरसंबंधानेंहि बाधा होत नाहीं.

तेव्हां आमच्या तीन सूचना आहेत. पहिली: कोणी विश्वासानें सांगितलेली गोष्ट आपल्या ओठांबाहेर जाऊं नये. दुसरी: प्रत्येक गरोदर भगिनीनें, तसेंच ज्यास शंका असेल त्यानें, सरकारी रुग्णालयांत चाचणी करावी, आणि एकट्यास धीर होत नसल्यास आपल्यापैकीं कोणी सोबत जावें. 1097 या क्रमांकावर विनामूल्य सल्लाहि मिळतो. तिसरी: औषध आमरण घ्यावयाचें असतें, रोजंदारी बुडेल किंवा गाडीभाडें नाहीं, म्हणून तें कोणाचें खंडित होऊं नये, यासाठीं धर्मग्रामानें लहानसा निधि उभारावा.

दयाळु शोमरोन्यानें जखमी मनुष्यास त्याच्या पूर्वायुष्याचा हिशेब विचारला नाहीं. मोलोकाईचे संत डेमियन यांनीं कुष्ठरोग्यांत राहूनच 1889 सालीं प्राण ठेविला. आपणांकडे एवढें मोठें मागणें नाहीं. शेजारीं बसण्यास जागा करून द्यावी, इतकेंच आहे. तेवढें घडलें, तर आपली ज्युबिली खरी होईल. प्रभु आपणां सर्वांस तशी बुद्धि देवो. आमेन.