शह आणि चेक



आमच्या वाड्याच्या ओसरीवर दुपारी बुद्धिबळाचा पट मांडला जात असे, आणि माझे आजोबा घोडा किंवा उंट हलवून प्रतिपक्षाच्या राजावर नेम धरीत, तेव्हा मोहरे घरात ठेवतानाच 'शह' असा एकच शब्द उच्चारीत. समोरच्याचे लक्ष पानाच्या तबकाकडे गेलेले असले, तर ते थांबत आणि तोच शब्द पुन्हा, किंचित मोठ्याने, म्हणत; न सांगता साधलेला डाव त्यांना डावच वाटत नसे. पुढे मी हिशेबखात्यात उमेदवारी करू लागलो, तेव्हा आमचे वयोवृद्ध तपासनीस खतावणीतील प्रत्येक रकमेपुढे हिरव्या पेन्सिलीने लहानशी तिरकी खूण करीत, आणि पान संपले की ते माझ्याकडे सरकवून 'चेक झाले' एवढेच म्हणत. ओसरीवरचा तो शब्द आणि कचेरीतला हा शब्द मुळात एकच आहे, हे कळायला मला बरीच वर्षे लागली. पण कळले त्या दिवसापासून तो माझ्या मनातून गेलेला नाही, आणि आज आपणांसमोर त्याचीच कुळकथा सांगण्याचे योजिले आहे.

इंग्रजीत 'चेक' म्हणजे थोपविणे, 'चेक' म्हणजे तपासणे, पेढीवर वटविण्याचा कागद तो 'चेक', चौकड्यांचे कापड तेही 'चेक', आणि अमेरिकेत उपाहारगृहातले बिल म्हणजेसुद्धा 'चेक'. कोशात हे अर्थ एकाखाली एक वाचले म्हणजे एकाच नावाची, परस्परांशी कसलेही नाते नसलेली माणसे एका धर्मशाळेत उतरली आहेत असा भास होतो. वस्तुतः ती सारी एकाच घराण्यातली आहेत, आणि त्या घराण्याचा मूळपुरुष फारसीतला 'शाह', म्हणजे राजा, हा होय.

या 'शाह'चे प्राचीन रूप इराणी सम्राट दारयवहूच्या बेहिस्तून येथील शिलालेखात आढळते. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या अखेरीस कोरलेल्या त्या लेखात तो स्वतःला राजांचा राजा म्हणवितो, आणि तीच पदवी पुढे झिजत झिजत 'शहेनशहा' झाली. ज्या धातूपासून तो शब्द निघाला त्याचाच सख्खा भाऊ संस्कृतात 'क्षत्र' आणि 'क्षत्रिय' यांच्या मुळाशी आहे. ज्याला आपण 'शहर' म्हणतो त्या शब्दाचेही मूळ तेच, कारण त्याचा आरंभीचा अर्थ राज्य असा होता. मात्र शब्दांच्या नात्यात केवळ चेहरेपट्टीवर विसंबून चालत नाही. 'शहाजोग हुंडी'तला 'शहा' या घराण्यातला नव्हे; तो 'साधू'वरून आलेला 'साहू', म्हणजे बाजारात पत असलेला सावकार. हुंडीचे वंशज आणि चेकचे वंशज आज एकाच पेढीवर भेटतात, म्हणून हा घोटाळा होऊ नये एवढ्यासाठी हे सांगितले.

आपल्या देशातला चतुरंग इराणात 'चतरंग' झाला, अरबांनी त्याला 'शतरंज' म्हटले, आणि अरबांच्या हातून तो युरोपात पोहोचला. आपण या खेळाला नाव दिले ते सेनेच्या चार अंगांवरून; बहुतेक युरोपीयांनी मात्र पटाकडे पाहिले नाही, सेनेकडे पाहिले नाही, खेळणारा जी हाक देतो ती त्यांच्या कानात राहिली. 'शाह' म्हणजे 'राजा, सांभाळ' अशी ती हाक. लॅटिनातून जुन्या फ्रेंचमध्ये तिचे 'एशेक' झाले; त्याच्या अनेकवचनाचे इंग्रजांनी 'चेस' केले आणि एकवचनाचे 'चेक'. हाकेच्या मागोमाग 'शाह मात' हा शेवटही गेला. 'मात' म्हणजे मेला असा अर्थ अरबीच्या आधारे सांगतात. मला निरुपाय झालेला, कुंठित झालेला, हा फारसी अर्थ अधिक पटतो, कारण पटावर राजा कधीच मारला जात नाही, त्याला हलायला जागा उरत नाही एवढेच. आपण ही दोन्ही रत्ने फारसीतून थेट घेतली, आणि शह-काटशह, मात करणे, मात खाणे हे प्रयोग इतके आपले करून टाकले की ते परके होते हे सांगावे लागते.

इथवर राजावर आलेल्या संकटाचे नाव म्हणून शब्द चालला. आता इंग्लंडात त्याने जे वळण घेतले ते मला सर्वांत रम्य वाटते. पटाला फ्रेंचमध्ये 'एशेकिए' म्हणत. बाराव्या शतकाच्या आरंभी, पहिल्या हेन्रीच्या कारकिर्दीत, राजाच्या वसुलाचा हिशेब घेण्याची जी कचेरी उभी राहिली तिला हेच नाव पडले आणि त्याचे इंग्रजी 'एक्सचेकर' झाले. खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने त्याच शतकाच्या उत्तरार्धात या कचेरीचे लॅटिनमध्ये संवादरूप वर्णन लिहून ठेवले आहे. सुमारे दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद असे एक मेज. सोंगट्या खाली पडू नयेत म्हणून त्याला चार बोटे उंच कड. आणि वर रेघा आखलेले काळे कापड. एका रकान्यात पेन्स, पुढच्यात शिलिंग, मग पौंड, विसा, शेकडा, हजार. वर्षातून दोनदा, ईस्टर आणि मायकेलमस या सणांना, परगण्याचा शेरीफ, म्हणजे जवळजवळ आपला मामलेदारच, या मेजापाशी येऊन बसे. त्याच्याकडून येणे किती ते एका ओळीत सोंगट्यांनी मांडले जाई, त्याने भरले किती ते दुसऱ्या ओळीत, आणि रोमन आकड्यांत बेरीज-वजाबाकी करण्याची यातायात न पडता, अक्षरशत्रू माणसालाही दिसेल अशा रीतीने, सर्वांदेखत बाकी निघे. फिट्झनील स्वतःच म्हणतो की बुद्धिबळात जसे राजांचे युद्ध तसे येथे खजिनदार आणि शेरीफ यांचे. म्हणजे जी हाक राजाला सावध करण्यासाठी होती तिचे नाव राजाने उचलले, आणि आपल्याच अंमलदारांना पेचात धरण्याच्या साधनाला ते दिले. याच घरांच्या पटावरून चौकड्यांच्या कापडाला 'चेक' म्हणू लागले. त्याविषयी अधिक सांगण्यासारखे काही नाही.

थोपविण्याच्या अर्थातून तपासण्याचा अर्थ कसा निघाला, हा प्रश्न मात्र रेंगाळण्यासारखा आहे. शह बसला की राजाची दुसरी सर्व कामे थांबतात, म्हणून 'चेक' म्हणजे अटकाव. अटकाव करणारी जी व्यवस्था तीही 'चेक'. आणि कारभारात माणसाचा हात आवरणारी सर्वांत परिणामकारक व्यवस्था कोणती, तर दुसऱ्याने ठेवलेली दुसरी नोंद. तिच्याशी ताडून पाहणे म्हणजे 'चेक' करणे, हा अर्थ सतराव्या शतकाच्या अखेरीस रूढ होतो. 'कंट्रोल' हा शब्दही याच दप्तरखान्यातला आहे. त्याचा मूळ अर्थ प्रति-पट, मूळ पटाशी पडताळण्यासाठी ठेवलेली दुसरी गुंडाळी. आपल्या पेशवाई दप्तरात या क्रियेला किती नेमके शब्द होते! कागदाशी कागद लावून पाहणे तो मुकाबला, हिशेबाशी हिशेब मिळविणे ती रुजुवात, गणिताची उलट परीक्षा तो ताळा. आणि माणसाला आवरायचे तर आळा किंवा चाप. आपण 'शह' ओसरीवर आणि राजकारणात ठेवला, फडात नेला नाही, म्हणून आपल्याकडे प्रत्येक कामाला वेगळा शब्द राहिला. 'चेक करून पाहा' असे कोणी म्हटले की मला राग येत नाही, पण रुजुवात या शब्दाची आठवण येते आणि तो गेला याची हळहळ वाटते.

1787 मध्ये फिलाडेल्फिया येथे अमेरिकेची राज्यघटना सिद्ध झाली, तेव्हा या शब्दाने आपले पहिले काम पुन्हा हाती घेतले. विधिमंडळाने केलेला कायदा अध्यक्षाने नाकारावा, दोन्ही सभागृहांनी दोनतृतीयांश मतांनी तो नकार मोडून काढावा, अशा परस्परांवरील बंधनांना तेथील विचारवंत 'चेक' म्हणू लागले. मला यात फार मोठे समाधान आहे. सहा-सात शतके सत्ताधीशाच्या हाती राहिलेले शस्त्र पुन्हा सत्ताधीशावर रोखले गेले, आणि तेही पटावरच्या शिष्टाचाराप्रमाणे, उघड हाक देऊन.

राहिला पेढीवरचा कागद. एक्सचेकरमध्ये भरणा झाल्याची पावती लाकडाची असे. हेझलच्या काठीवर रकमेप्रमाणे खाचा पाडीत; हजार पौंडांना तळहाताच्या रुंदीची, शंभरांना अंगठ्याएवढी, विसांना करंगळीएवढी, एका पौंडाला जवाच्या पिकल्या दाण्याएवढी. मग ती काठी उभी चिरून एक भाग भरणाऱ्याला देत आणि दुसरा कचेरीत ठेवीत. वाद पडला की दोन्ही एकत्र जुळवायचे, आणि खाचेला खाच मिळाली नाही तर लबाडी उघडी. ही पद्धत 1826 पर्यंत चालली. साठलेल्या काठ्या 16 ऑक्टोबर 1834 रोजी लॉर्डांच्या सभागृहाखालील भट्ट्यांत जाळावयास घेतल्या, त्या धगीने वेस्टमिन्स्टरचा राजवाडा पेटला आणि पार्लमेंटची दोन्ही सभागृहे भस्मसात झाली.

काठी गेली तरी चिरलेल्या दोन भागांची कल्पना कागदावर तोवर केव्हाच उतरली होती. अठराव्या शतकाच्या प्रारंभी 'चेक' म्हणत ते पैसे देणाऱ्यापाशी राहणाऱ्या अर्ध्या तुकड्याला, ज्याला आपण स्थळप्रत म्हणतो त्याला. कारण फाडून दिलेल्या कागदात कोणी फेरफार केला तर त्याला शह बसे तो या तुकड्याने. पुढे नाव सरकले ते फाडून दिलेल्या कागदावर, आणि एक्सचेकरच्या वळणावर इंग्रजांनी त्याची अक्षरेही बदलली. अमेरिकनांनी जुनी ठेवली. पेढीवर चेक लिहून देताना आपण पुस्तकातल्या त्या अरुंद पट्टीवर तारीख आणि रक्कम टिपून ठेवतो. खरा चेक ती पट्टी. ती आपल्या पुस्तकात राहते.